थांबल्याबद्दल धन्यवाद

बिट्टीच्या आईला म्हणे राग येत नाही. शेजारीपाजारी कौतुकाने सांगतात, बाई किती शांत! कसलं डोंबलाचं कौतुक? त्या बाईला राग येत नाही, हसू येत नाही, भूकसुद्धा घड्याळ बघून लागते. गिझर बनवणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारीचे फोन घेते. डोक्याला हेडफोन, समोर स्क्रीन, आणि कानात दिवसभर थंड पाण्याने आंघोळ केलेली माणसं. सुरुवातीला कुणी आईबापाचा उद्धार केला की ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने युक्ती शिकवली. गिऱ्हाईक फारच अंगावर आलं की होल्डचं बटण दाबायचं, तिकडे गाणं वाजू द्यायचं, आपण समोरच्या भिंतीकडे बघायचं, आणि परत येऊन गोड आवाजात म्हणायचं, "थांबल्याबद्दल धन्यवाद." युक्ती लागू पडली. इतकी लागू पडली, की वडील गेल्याचं सांगायला भावाचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "कळवल्याबद्दल धन्यवाद." भाऊ अजून धड बोलत नाही. तिला त्याचंही वाईट वाटत नाही.

आणि अशा बाईच्या गळ्यात लेकीच्या शाळेचं काम आलं. बाप बस डेपोत रात्रपाळीचा मेकॅनिक, दिवसा घोरत पडलेला. बिट्टीला सांभाळणारी बाई गाव सोडून चालली होती. शाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बिट्टीची रवानगी आजीकडे, असं ठरलं होतं. आजीचं घर म्हणजे आगगाडीचा अख्ख्या रात्रीचा प्रवास. म्हणजे पोरगी दिसणार ती सुट्टीत, पाहुण्यासारखी.

पहिल्या शाळेत सगळं मुसळ केरात गेलं होतं. तिथल्या मोठ्या बाईंनी प्रेमाने नाव विचारलं, तर पोरीने तोंडाला कुलूप लावलं. मांजर कसं ओरडतं विचारलं, आकाशाचा रंग विचारला. ही आपली पाय आवळून, मान खाली घालून गप्प. "मूल अजून तयार नाही," म्हणून शाळेने वाटेला लावलं. एरवी घरभर चिवचिव करणारी पोर! आता अर्ज घेणारी एकच शाळा उरली होती. अर्ज उद्या द्यायचा, आणि दिला की लगेच तिथेच मुलाशी गप्पा.

आईच्या लेखी दुखणं उघड होतं, पोरगी गप्प बसली. तिच्या कामात गप्प बसण्याएवढा मोठा गुन्हा नाही. 'नाही' म्हणायचं नाही, 'माहीत नाही' तर मुळीच नाही. आधी दिलगिरी, मग उत्तर, मग आभार. बिचारीला एवढंच येत होतं, तेवढं तिने लेकीला शिकवलं. फार शिकवावंही लागलं नाही म्हणा. अधूनमधून ती घरूनही फोन घेते, ओट्याशेजारच्या टेबलावर. बिट्टी काही सांगायला आली की आई नुसता तळहात पुढे करते. मग बिट्टी टेबलाखाली बसून सगळे फोन ऐकते.

संध्याकाळी आत्या आली तालीम घ्यायला. आत्या कपडे शिवते. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार. भावाचा चष्मा नाकावर चढवून ती खुर्चीत ऐसपैस बसली.

"हं, मी मोठी बाई. नाव काय गं तुझं?"

"नमस्कार, मी बिट्टी. आपल्याला काय मदत करू?"

आत्याचा चष्मा घसरला. "अगं बाई, शाळेत चाललीयेस की गिझर दुरुस्त करायला? बरं, आकाशाचा रंग कोणता?"

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. निळा."

"समुद्रात मासे किती असतात?"

"आपला प्रश्न नोंदवून घेतलाय."

आत्या पोट धरून हसली. मग भावजयीकडे बघून हसू गिळलं. "ही काय पोपटपंची लावलीस? पोरगी आहे की टेपरेकॉर्डर?"

"कुठे अडली नाही ना पण, ताई," बिट्टीची आई म्हणाली. तिच्या आवाजात ना राग ना लाज. "उद्या गप्प बसली तर शनिवारच्या गाडीने आजीकडे न्यावं लागेल. मी बॅग काढून ठेवलीय."

हे तिने वाण्याची यादी वाचावी तसं सांगितलं. आत्याने टेबलावरचा अर्ज ओढला आणि त्यातलाच एक प्रश्न मोठ्याने वाचला, "मूल रडलं किंवा चिडलं तर पालक काय करतात?" खाली आईने सुरेख अक्षरात लिहिलं होतं : शांतपणे ऐकून घेतो, समाधान होईपर्यंत बोलतो.

"बघू तरी खरं-खोटं," आत्या म्हणाली. "काय गं बिट्टे, तू रडलीस की आई काय करते?"

याचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं. बिट्टीने जरा विचार केला आणि आपल्या रोजच्या आवाजात म्हणाली, "होल्डवर ठेवते."

"म्हणजे?"

बिट्टीने इवलासा तळहात पुढे केला. "असं. मग भिंतीकडे बघते. फोनवरच्या लोकांना नंतर म्हणते, थांबल्याबद्दल धन्यवाद. मला नाही म्हणत."

आत्याने चष्मा काढून ठेवला. आईला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. तिची नजर सवयीने भिंतीकडे गेली, तिथून तिने ती ओढून आणली आणि लेकीसमोर जमिनीवर बसली. नेहमीचं वाक्य जिभेवर तयार होतं, ते तिने गिळलं. मग दुसरं शोधायला तिला बराच वेळ लागला. निघालं तेही चिरक्या आवाजात.

"फार थांबलीस ना गं?"

"हो," बिट्टी म्हणाली. "आता बोलू?"

"बोल."

"त्या शाळेत ना, मला खूप शू लागली होती. बोलले असते तर झाली असती."

"अगं मग तेव्हाच सांगायचंस ना मला!"

"सांगितलं होतं. जिन्यात. तू फोनवर होतीस." बिट्टीने पुन्हा तळहात पुढे करून दाखवला. "मग मी थांबले."