द्रव्य अक्षय्यतेचा डेमो

मी लिहावं असं माझं काही नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात शाळेच्या निबंधापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, आणि निबंधातही मला कधी बरे गुण पडले नाहीत. पण एका तासाची हकीकत मनातून जात नाही. शब्द चुकले तर सांभाळून घ्यावं.

मी कन्नड तालुक्यातल्या गावातून संभाजीनगरला बी.एस्सी. करायला आलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. थोरला भाऊ बजाजनगरात राहतो, वाळूजच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे काम करतो. माझं शेवटचं वर्ष संपलं आणि मी एम.एस्सी.चं नाव काढलं, तेव्हा दादा म्हणाला, "लई झालं शिक्षण. मी बोललोय सुपरवायझरशी, लाईनवर घेतो म्हणाला तुला."

"दादा, संध्याकाळी क्लासमध्ये शिकवायला मिळालं तर दिवसा कॉलेज होईल."

"मिळालं तर कर. नाय मिळालं तर मुकाट्यानं माझ्यासंगं यायचं. व्हय का नाय?"

मी व्हय म्हणालो.

सिडकोतल्या एका क्लासने मला डेमोला बोलावलं. डेमो म्हणजे खऱ्या मुलांपुढे एक तास शिकवायचं. क्लासचे मालक मागच्या बाकावर बसतात आणि शेवटी मुलांनाच विचारतात, समजलं का. मला नववीचा वर्ग मिळाला, विषय रासायनिक समीकरणं.

मला शाळेत सांगितलं होतं, बाणाच्या दोन्ही बाजूंचे आकडे जुळवा. का जुळवायचे, ते कॉलेजात गेल्यावर कळलं. अणू नवे जन्मत नाहीत, संपतही नाहीत, फक्त जोड्या बदलतात. म्हणून आधी होतं तेवढंच वजन नंतरही राहतं, हाच द्रव्य अक्षय्यतेचा नियम. हे या मुलांना नववीतच डोळ्यांनी दिसावं असं मला फार वाटत होतं.

म्हणून एक प्रयोग ठरवला: बाटलीत व्हिनेगर, तोंडाला फुगा, फुग्यात खायचा सोडा. फुगा उभा केला की सोडा खाली पडतो, गॅस होतो, फुगा फुगतो. पण बाहेर काही जात नाही, म्हणून वजन तेवढंच. आदल्या दिवशी खोलीखालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर करून पाहिलं. आकडा हलला नाही. पण तो काटा बारीक फरक दाखवत नाही, मुलं शंका काढतील असं वाटलं. माझा रूम पार्टनर सराफ्यात कामाला आहे. त्याने मालकाला विचारून सोनं तोलायचा काटा आणून दिला.

डेमोत मी आकडा मोठ्याने वाचून फळ्यावर लिहिला. सोडा पाडला. फुगा छान फुगला आणि काट्यावरचा आकडा खाली आला.

"सर, कमी झालं!"

"सोनं असतं तर सराफाला धरलं असतं लोकांनी," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. मीही हसायचा प्रयत्न केला.

गॅस गळतोय का म्हणून बाटलीच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. एक बुडबुडा नाही. नवा फुगा लावून प्रयोग पुन्हा केला. वजन पुन्हा कमीच. पुढच्या बाकावरची एक मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली, "सर, मग नियम चुकीचा आहे का?"

"नाही, नियम बरोबर आहे," मी म्हणालो. फळ्यावर समीकरण लिहिलं, दोन्हीकडचे अणू मोजून दाखवले. पण मुलांचे डोळे काट्यावरच होते.

शेवटी मालकांनी मागून विचारलं, "समजलं का?"

"प्रयोग समजला सर," तीच मुलगी उभी राहून म्हणाली. "नियम नाही समजला."

मालक मला म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या सरांना गाठलं. ते म्हणाले, "अरे, विहिरीत बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना? फुगा फुगला की त्याला भोवतालची हवा तसंच उचलते. वस्तुमान कुठं गेलं नाही, काट्यावरचा भार घटला. साध्या काट्याला एवढं कळत नाही, सराफाच्या काट्याला कळतं."

मला आनंद झाला आणि लगेच पुढच्या बाकावरची ती मुलगी आठवली. क्लासला फोन केला. म्हणालो, जागेचं राहू द्या, मुलांना फक्त दहा मिनिटं भेटू द्या, एक सांगायचं राहिलंय. ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, "आधी निर्णय होऊ द्या ना सर. असं मध्येच नाही येता येत." मग माझे फोन उचलले जाईनात. एका संध्याकाळी क्लाससमोर जाऊन उभा राहिलो. मुलं सायकली काढत होती, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. यांना कोणत्या नात्याने थांबवावं? मी त्यांचा सर नव्हतोच. ती निघून गेली.

दादाने दोनदा विचारलं, "काय म्हणले क्लासवाले?" मी दोन्ही वेळा म्हणालो, कळवणारेत.

अखेर मॅडमचाच फोन आला. "सर, ती जागा भरली. नव्या सरांनी सोमवारपासून पुढचा धडा सुरूही केलाय."