विर्वेचा खालचा स्वर

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एंडेल कासाक संगणकापुढे बसला होता आणि पडद्यावरच्या वाद्यांच्या यादीत त्याच्या बायकोचं नाव दोनदा दिसत होतं. विर्वे. त्याखाली पुन्हा विर्वे. यातलं कुठलंही निवडलं तरी आवाज एकच येत होता, आणि आज त्याला नेमका तोच नको होता.

विल्यांडीजवळच्या या गावात एंडेलने उभं आयुष्य संगीतशाळेत शिकवण्यात घालवलं. निवृत्तीनंतर एक काम त्याने स्वतःकडे ठेवलं. गावच्या गायकवृंदाकडे नवं गाणं आलं, की ते स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचं आणि चारही आवाजांच्या वेगवेगळ्या फाइली करून सगळ्यांना पाठवायच्या. कोणी गाडी चालवताना ऐकतं, कोणी गोठ्यात. सॉफ्टवेअरबरोबर माणसाचा म्हणून जो आवाज मिळतो, तो एंडेलला गारठलेल्या शिट्टीसारखा वाटे. म्हणून चार वर्षांपूर्वी त्याने विर्वेला सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत बसवलं. तिथे चारी बाजूंना लाकूड, त्यामुळे आवाज घुमत नाही. तिने एकेक स्वर ‘आ’वर, दम पुरेल तितका धरला. त्या स्वरांचं त्याने एक प्लग-इन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचं वाद्य, बनवलं आणि त्याला तिचंच नाव दिलं. बायकांच्या खालच्या आवाजाची, म्हणजे आल्टोंची फाइल तेव्हापासून विर्वेच्या आवाजात जाऊ लागली.

तेव्हाच तिला धाप लागत होती. सर्वांत खालचा स्वर फार लवकर संपला.

“पुन्हा घेऊ या का?” एंडेलने विचारलं होतं.

“राहू दे रे. आहे तो एवढाच. आणि आल्टोंकडे लक्ष देतं कोण?”

पुढच्या वसंतात ती गेली.

यंदा जुलैत राजधानीत, तालिनला, गीतमहोत्सव आहे. तिथे उभं राहायचं तर आधी परीक्षकांसमोर गावं लागतं. फेब्रुवारीतल्या पहिल्या फेरीत परीक्षकांनी गावाला नापास केलं. तिसऱ्या ओळीतला लांब स्वर सगळ्या आल्टो एकाच जागी तोडतात, शब्दाच्या मधोमध श्वास घेतात, असं त्यांचं म्हणणं होतं. वृंदाचं संचालन करणारी लीवी ही एंडेलचीच विद्यार्थिनी. तिने दोन आठवडे बायकांना धारेवर धरलं. शेवटी आल्टोंतली आइमे वैतागून म्हणाली, “आमच्यावर काय ओरडतेस? फाइलीत आहे तसंच गातोय की.”

एंडेलने फाइल ऐकली. तिसऱ्या ओळीतला तो लांब स्वर म्हणजे विर्वेचा सर्वांत खालचा. चार मात्रांनंतर तो संपत होता, मग नुसती शांतता, मग पुढचा शब्द. बारा बायकांनी विर्वेची धाप पाठ केली होती.

दुसरी आणि शेवटची फेरी या शनिवारी होती. तीही गेली, तर गाव महोत्सवाला जाणार नव्हतं. विर्वेने शाळेत असल्यापासून एकही महोत्सव चुकवला नव्हता.

एंडेलने त्या खालच्या स्वराचा मधला, भरीव तुकडा कापला आणि त्यालाच पुन्हा पुन्हा जोडला, म्हणजे स्वर हवा तितका लांबेल. हे नवं प्लग-इन त्याने जुन्याची नक्कल करून बनवलं. त्यामुळे नाव तेच राहिलं आणि सॉफ्टवेअर ज्यावरून वाद्य ओळखतं तो आतला क्रमांकही तोच. सॉफ्टवेअरला जुनी विर्वे आधी सापडे आणि ते तिथेच थांबे. जुनी बंद करायला त्याने तिच्या नावापुढची खूण काढून पाहिली, तर क्रमांक एकच असल्याने दोन्ही मुक्या झाल्या.

आठ वाजता लीवीचा फोन आला.

“मास्तर, झालं का?”

“दोन विर्वे आहेत. दोघींना एकच नंबर आहे.”

“मग नवीला दुसरं नाव आणि नंबर द्या की.”

“दुसरं काय नाव देऊ?”

“नाही तर जुनी काढावी लागेल,” लीवी म्हणाली.

“ते कळतंय मला. तुला मीच शिकवलंय.”

“माझं काही म्हणणं नाही मास्तर. पण बायकांना आज फाइल हवी.”

त्याने सॉफ्टवेअर बंद केलं. जुनं प्लग-इन पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि संगणकावरून काढून टाकलं. सॉफ्टवेअरने आठवणीत ठेवलेली यादी पुसली आणि पुन्हा शोध घ्यायला लावला. यादीत विर्वे एकदाच आली. त्याने खालचा स्वर लावला. चार मात्रा झाल्या, आठ झाल्या. स्वर चालूच ठेवून तो स्वयंपाकघरात गेला आणि राईच्या पावाचे दोन तुकडे कापले. परत आला तेव्हाही आवाज तसाच येत होता, सपाट, न थकता. त्याने तो बंद केला.

शेजारची आइमे मुरवलेल्या भोपळ्याची बरणी घेऊन आली, तेव्हा फाइल तयार होती.

“चाळीस वर्षं मी विर्वेच्या डाव्या हाताला उभी राहिले,” खुर्ची ओढत ती म्हणाली. “तुझी चूक आधी मला ऐकू येईल. लाव.”

त्याने तिसऱ्या ओळीतला तो लांब स्वर तेवढा लावला. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“हां, आता कळतं कुठवर धरायचं ते. चांगली आहे बाई. कुठली? तालिनची?”

“विर्वे आहे ती.”

आइमेने बरणी उगाच सरकवून ठेवली. “असं होय,” ती म्हणाली. “आणि आधीची?”

“पेन ड्राइव्हवर. सॉनाच्या खोलीत ठेवलाय, फळीवर.”

“ऐकशील ना कधी तरी?”

“ऐकायची तर इथे परत आणावी लागेल. आणली की ही बंद पडणार. दोघी एका जागी राहत नाहीत.”

“जुलै होऊन जाऊ दे,” आइमे म्हणाली. “मग आण.”

“मग पुढचं गाणं येईल.”

आइमे उठली. जाताना ती म्हणाली, “भोपळा गार ठेव, नाही तर मागच्यासारखा टाकशील.”

दहाच्या सुमारास एंडेलने फाइल बाराही जणींना पाठवली. सोबत एकच ओळ लिहिली: जुनी फाइल पुसून टाका.

उद्या गुरुवार. संध्याकाळी सहाला गावच्या सभागृहात तालीम आहे आणि ती तिसऱ्या ओळीपासून सुरू होईल. आल्टोंनी तिथे मध्ये श्वास घ्यायचा नाही.