बेटांऐवजी बूट

सभागृहाच्या मधोमध, आरडाओरड्याच्या बरोबर खाली, एक छोटं टेबल असतं. तिथे बसून कानबाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांची भाषणं लघुलिपीत उतरवली. हे नाव सहकाऱ्यांनी पाडलेलं. बाईंना कान होते, तोंड नव्हतं. सदस्यांशी बोलायचं नाही, हा त्या टेबलाचा नियम. तो बाईंच्या इतका अंगात मुरला की घरीसुद्धा लेक वैतागायची, "आई, निदान हूं तरी म्हण गं!"

ती लेक आता सैन्यात होती, बर्फातल्या एका ठाण्यावर. मागच्या आठवड्यात फोनवर हसत म्हणाली, "बूट पुरुषांच्या मापाचे आहेत. तीन-तीन मोजे चढवते आणि बदकासारखी चालते." मग जाता जाता सांगितलं, पायाची दोन बोटं बधिर झालीत. बाई हूं म्हणाल्या. त्यानंतर त्यांना धड झोप नव्हती.

आणि सभागृहात संरक्षण खर्चावर चर्चा निघाली. सत्ताधाऱ्यांना विमानं हवी होती. विरोधकांनाही हवी होती, फक्त निम्मी. एक ज्येष्ठ सदस्य मात्र आपल्या मतदारसंघातल्या बेटांच्या संरक्षणासाठी कळवळून बोलले. लघुलिपीत घाईघाईने लिहिताना स्वर गळतात. बेट आणि बूट दिसायला सारखेच. बाईंनी टंकलेली प्रत दुपारी तपासणीसाठी सदस्यांकडे गेली: "आमच्या बुटांना कोणी वाली आहे का? सरकारने एकदा तरी तिथे पाय ठेवलाय का?"

तासाभरात ते सदस्य प्रत फडकवत लघुलेखकांच्या खोलीत हजर. बाईंचे पर्यवेक्षक ताडकन उठले. "चूक झाली साहेब. बाईंची पहिलीच."

"पहिली? अकरा वेळा आहे!"

"दुरुस्त करतो."

"कराच. बेटांवरचे लोक मला घरी बसवतील." सदस्य खुर्ची ओढून बसले. "पण खरं सांगू? स्वतःचं भाषण मला आज पहिल्यांदा पटलं. बाई, हे बूट कोणाचे?"

पर्यवेक्षकांनी डोळ्यांनी खुणावलं: गप्प. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या लेकीचे. तिला पाच नंबर लागतो, आणि तिथे सातापासून सुरुवात होते. तिथल्या आणखी चौदा मुलींचीही तीच गत आहे, आणि हिची तर दोन बोटं..." बाई थांबेचनात. ठाणं, थंडी, मोजे, सगळं एका दमात.

सदस्यांनी प्रत उलटी केली आणि खिशातून पेन काढलं.

"जरा सावकाश, बाई," ते म्हणाले, "मला लघुलिपी येत नाही."