तिच्या वाटची भाकर

नांदेडच्या तहसिलीत मी गिरदावर होतो, म्हणजे गावोगाव हिंडून उभ्या पिकांची पाहणी करणारा निजाम सरकारचा माणूस. त्या नोकरीत पोटाची चंगळ फार. एका गावात धपाटे, दुसऱ्यात पुरणपोळी, वर "साहेब, एवढं घ्याच" म्हणून पाटलाच्या हातची तुपाची धार. नको म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं आणि शेरवानीच्या गुंड्यांनी केव्हाच हात टेकले होते. एका दौऱ्याला निघताना दोन शिपायांनी मला खालून रेटून तट्टावर चढवलं. तट्टू चार पावलं गेलं आणि भर कचेरीसमोर खाली बसलं.

तहसीलदार व्हरांड्यात उभे होते. "गिरदावर साब, सुगीच्या दौऱ्याला खुद चढता आलं तर जा. वरना दफ्तरखान्यात बसा."

दफ्तरखाना म्हणजे जुन्या कागदांची अंधारी खोली. मला रानाचं वेड. ज्वारीतून हिंडणं बंद झालं असतं तर मी झुरून मेलो असतो. त्या देहाला झुरायला वेळही बराच लागला असता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वैद्याचं चूर्ण आणतो म्हणालो, तर ती हसायला लागली.

"कशाला हसून राहिलीस?"

"चूर्ण बी जेवल्यावरच घ्याल न्हवं? उद्यापासून आपल्या दोघांपुरत्या चारच भाकरी टाकीन. तुम्ही पोटभर जेवा. उरंल ते माझं."

आमच्या घरात बायका नवऱ्यामागून जेवत. ती काय म्हणते ते माझ्या डोक्यात शिरलं, पोटात मात्र शिरलं नाही. दुसऱ्याच दुपारी सवयीनं तिसरी भाकर मागितली. तिनं मुकाट वाढली. ठेचा झकास होता, चौथीही गेली. हात धुवायला मागे गेलो, तर ती चुलीपाशी नुसतं ताक पीत बसलेली आणि टोपल्यात फडकं तेवढं उरलेलं.

"अगं, मग वाढलीस कशाला?" मी खवळलो.

"मागितली म्हणून," ती म्हणाली आणि ताक संपवलं.

मला लाज वाटली, आणि असल्या हट्टी बाईचा रागही आला. दुसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "तुझा पाट माझ्या शेजारी मांड. तुझा काही भरवसा नाही."

"नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवत्यात का कुठं!" माजघरातून आई कडाडली. बायकोचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. तिचं ताट डोळ्यांसमोर असताना तिसरी मागायला माझी जीभ धजेना.

पाटलांच्या आग्रहावरही तिनंच तोड काढली. "घरच्यांचं व्रत हाय म्हणून सांगा. नवऱ्यानं जास्त खाल्लं की मोडतं." हे ऐकलं की तुपाची वाटी आपोआप मागे जाई. जवळची गावं मी बैलगाडी सोडून पायी करू लागलो. आधी गावाबाहेर पडेपर्यंत धाप लागे; पुढे विष्णुपुरीपर्यंत गुणगुणत जाऊ लागलो.

सुगी आली तोवर शेरवानी दोनदा आत घ्यावी लागली होती. कचेरीसमोर तट्टू आणलं, शिपाई रेटायला सरसावले. मी त्यांना बाजूला सारलं, रिकिबीत पाय घातला आणि झटक्यात मांड टाकली. तट्टू ताठ उभं.

"वाह! कौन-से हकीम का इलाज है?" तहसीलदारांनी विचारलं.

"घरचाच आहे, साहेब."

वाटेत घरावरून गेलो. बायको शिदोरी घेऊन रस्त्यावर आली. गाठोडं चांगलंच जड लागलं.

"अगं, किती बांधल्यास?"

"चार. म्या जेवून घेतलंय. ह्यातली एकबी माझ्या वाटची न्हाई. खुशाल खा."

नवऱ्याच्या आधी जेवलेली बाई आमच्या घरानं पाहिली नव्हती. दारात आई उभी होती. तिनं ऐकलं आणि सुनेला आत यायला दारातून वाट करून दिली. मी भर गल्लीत मोठ्यांदा हसलो. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे बढतीनंही झाला नाही.

लोह्याच्या वाटेवर एका बाभळीखाली शिदोरी सोडली. दोन भाकरींत पोट भरलं. उरलेल्या दोन तट्टानं खाल्ल्या.