भिंतवैद्याची कोरडी खोली

भिंतवैद्य कोणाच्या घरी गेला की आधी भिंत चाटायचा. चहा नंतर, खुशाली त्याच्याही नंतर. आमच्याकडे आला तेव्हा वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, टोपी सावरली आणि थेट माजघराच्या भिंतीला जिभेचं टोक लावलं. डोळे मिटून जरा उभा राहिला आणि म्हणाला, "खारट. हे खाडीचं पाणी." खाडीचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत ओसरी चढून आत आलं होतं आणि चुलीतली राख घेऊन मागीलदारी गेलं होतं. सगळ्या आळीने ते पाहिलं होतं. तरी सासूबाईंनी मान डोलावली. तो मूळचा त्यांच्या माहेरचा, देवरूखकडचा. माहेरच्या माणसाचं बोलणं त्यांना ऐकण्याआधीच पटायचं.

ही तीस सालच्या आगेमागची गोष्ट. आमचं घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीला लागून. त्या श्रावणात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी आले. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं, पण चिखल आणि मीठ मागे ठेवून गेलं. जोतं चिऱ्याचं, ते टिकलं. भिंती मातीच्या, त्या भिजल्या. सर्वांत वाईट गत झाली मागच्या खोलीची, आणि नेमकी तीच आम्हाला हवी होती. माझी धाकटी नणंद कुसुम दिवाळीनंतर बाळंत व्हायची होती. तिचं पहिलं मूल सासरी ओलसर खोलीत जन्मलं, छाती भरली आणि बारशाआधीच गेलं. या खेपेला सासूबाईंनी तिच्या सासरी बजावून सांगितलं होतं, "बाळंतपण माझ्याकडे, कोरड्या खोलीत." तेव्हा काम एकच होतं, ती खोली कोरडी करणं. मी गिलावा, जमीन, कौलं, दार असं क्रमवार लिहून काढलं होतं. वैद्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "सूनबाई, यादीने भिंती सुकत नाहीत."

तो खरा गवंडी; भिंतवैद्य हे नाव गावाने थट्टेने ठेवलं आणि त्याने ते मानाने घेतलं. तो भिंतीची प्रकृती सांगायचा. "हिला आतून ताप आहे." "ही थंडाव्याने धरली आहे." प्रकृती सांगून झाली की पथ्य. मागीलदारी भांडी घासायची नाहीत. भिंतीला पाठ टेकायची नाही. त्या बाजूला चूल पेटवायची नाही, कारण "एकदम शेक दिला तर अंग टाकील." चार दिवस आम्ही अंगणात तीन दगडांवर भात शिजवला. शेवटी सासूबाईसुद्धा करवादल्या, "भिंतीला पथ्य आणि माणसांना उपास! हे कुठलं रे तुझं वैद्यक?" तो हसला. "आक्का, घाई केली की भिंत रुसते."

त्याची खरी विद्या मात्र वेगळी होती. पहिल्याच दिवशी त्याने खोलीचं दार बिजागरीतून काढलं आणि बैलगाडीत घातलं. "फुगलंय. माझ्या पडवीत सावलीला सुकवतो." दुसऱ्या दिवशी गिलावा खरवडला, तिसऱ्या दिवशी जमीन उकरली आणि चौथ्या दिवसापासून दिसेनासा झाला. मी दुसरा गवंडी पाहायला गेले, तेव्हा दाराचा अर्थ कळला. एकाने हात घातलेल्या कामाला दुसरा हात लावत नाही, असा गवंड्यांचा रिवाज. "दार कोणाकडे आहे?" एवढंच प्रत्येकाने विचारलं आणि नाव ऐकताच हात जोडले. दार नेलं की घर त्याच्याशी बांधलं गेलं. मग वैद्य सावकाश फिरत राही. आज एका घरी भिंत चाट, उद्या दुसऱ्या घरी पथ्य सांग.

आमच्या ह्यांनी त्याच्याकडे बऱ्याच खेपा घातल्या. हे कचेरीतले मवाळ गृहस्थ. जाताना रागाने लाल होऊन जायचे आणि येताना त्याचंच म्हणणं घेऊन यायचे. "अगं, तो म्हणतो त्यातही तथ्य आहे. भिंतीने आधी श्वास घ्यायला हवा."

"घेऊ दे," मी म्हणाले. "वन्सं आल्या की त्या कुठे श्वास घेणार, तेही विचारून या."

आश्विनात वन्सं आल्या. खोलीला दार नाही, भिंतीला गिलावा नाही, जमीन उकरलेली. आम्ही त्यांना माजघरात निजवलं, पण माजघरही कुठे सुकलं होतं? पहाटे चादर हाताला गार लागायची. आठवड्याभरात वन्संना खोकला लागला. सासूबाईंनी नेसूचं लुगडं बदललं, मला म्हणाल्या, "चल," आणि आम्ही दोघी वैद्याच्या घरी दार आणायला गेलो.

त्याच्या पडवीत आळीआळीची दारं भिंतीला टेकून उभी होती. एका दारावर कोणाच्या तरी लग्नातले हळदीचे हात होते, एकाला अजून वाळलेलं तोरण लटकत होतं. आमचं दार मागे कुठे तरी होतं. वैद्य आत खोलीत पान लावत बसला होता. सासूबाई आत शिरल्या आणि थबकल्या. पांढरी फेक चुन्याची भिंत, चोपून सारवलेली जमीन, कोपऱ्यात शेगडी. त्यांनी भिंतीला तळहात लावला. मग शांतपणे खाली बसल्या.

"काय रे, ही भिंत कोणी केली?"

"कोणी म्हणजे? मीच, आक्का," तो खुलला. "आख्ख्या गावात अशी कोरडी खोली दाखवा."

"दाखवायला कशाला हवी? सापडली. सूनबाई, जा, कुसुमला घेऊन ये. बाजही आण."

वैद्याचं पान हातातच राहिलं. "आक्का, ही माझी निजायची खोली!"

"मला तुझ्या हातची कोरडी खोली हवी होती मेल्या, ती ही. आणि लेकीचं बाळंतपण मी माझ्या माहेरच्या माणसाकडे केलं, तर कोण नावं ठेवील?"

त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. आम्ही सगळ्या तिला मामी म्हणायचो. तिला मूलबाळ नव्हतं, आणि नवऱ्याशी भांडायला इतकं चांगलं निमित्तही तिला बहुधा कधी मिळालं नव्हतं. तिने त्याची वळकटी आधीच काखेत मारली होती. "तुम्ही पडवीत निजा हो. इतकी दारं आहेत, वारा कुठून लागतोय!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच वैद्य चार गडी घेऊन आमच्याकडे हजर. भिंतीचा ताप, थंडावा, रुसवा, सगळं पळालं. ज्या खोलीला शेक चालत नव्हता, तिच्यात नारळाची सोडणं आणि करवंट्या दिवसभर धगधगत होत्या. खारट माती खरवडून टाकली, नवा गिलावा चढला, जमीन चोपली, आमचं दार आमच्या चौकटीत बसलं. वन्सं अजून अवघडलेल्याच होत्या, तेवढ्यात वैद्य धापा टाकत आला. "आक्का, खोली झाली. पोरीला न्या."

सासूबाई जाऊन भिंतीला हात लावून आल्या. "अजून घाम आहे. आणि घाई केली की भिंत रुसते, नाही का?"

कार्तिकात त्याच्या खोलीत वन्सं सुखरूप बाळंत झाल्या. मुलगी झाली. त्यानंतर बाळंतिणीला सव्वा महिना हलवायचं नाही, हा मामीचा हुकूम. त्याच्याच घरात वैद्य ओवा आणायला, शेगडी पेटवायला, धुरीचा कोळसा फुंकायला धावत होता. "अहो, हळू! दार वाजवू नका!" असं मामी आतून ओरडली की तो पडवीतल्या दारांमध्ये अंग चोरून उभा राही.

यातून तो काही शिकला, असं म्हणवत नाही. पुढे तो गावभर सांगत फिरला, "माझ्या हातच्या खोलीत बाळंतपणं होतात, विचारा आक्कांना." त्यावर त्याला कामं मिळाली आणि त्याने ती पूर्वीसारखीच रखडवली. फक्त ज्यांच्या घरी लेक माहेरी यायची असे, त्यांचं काम वेळेवर व्हायला लागलं. बायका नुसतं विचारायच्या, "मामी घरीच आहेत ना?" तो मेला तेव्हाही पडवीतली काही दारं परत जायची राहिली होती. ती मामीने ज्याच्या त्याच्या घरी पोहोचती केली.

सव्वा महिना झाला त्या दिवशी तो आम्हाला पोचवायला आला होता. मामी कोपऱ्यापर्यंत आली आणि पदर तोंडाला लावून मागे फिरली. त्याच्या घरी पोर कधी मोठ्याने रडली नव्हती. आमच्या खोलीत बाजेवर ठेवताच मात्र तिने असा टाहो फोडला, की शेजारीण कुंपणाशी आली. वन्संचा चेहरा पांढरा पडला. सासूबाई भिंतीकडे धावल्या. वैद्य उंबऱ्याबाहेरच उभा होता. त्याने भिंतीकडे पाहिलंच नाही. तो पोरीचं रडणं ऐकत होता.

"रडू दे गो," तो वन्संना म्हणाला. "छाती स्वच्छ आहे म्हणून एवढा आवाज निघतोय."

माझ्या माहितीत त्याचं बरोबर निघालेलं निदान तेवढं एकच.