पटावरची तीन मुलं

"घर बदलत नाही ना?"

ताई भेटल्या की पहिला प्रश्न हा. कशी आहेस, घरचे बरे आहेत का, ते सगळं नंतर. देवळात भेटा, बसस्टॉपवर भेटा, हळदीकुंकवाला भेटा. आधी हनुवटी किंचित खाली करून तुमच्यासोबत किती पोरं आहेत ते बघणार आणि मग हे विचारणार. नवख्या माणसाला वाटायचं, बाई घरांची दलाली करते की काय!

दलाली कसली, लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या प्राथमिक शाळेच्या ऑफिसात होत्या त्या. आत येणाऱ्याला आधी त्यांच्या खिडकीशी थांबावं लागायचं. मी त्याच शाळेत डिनर लेडी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या वेळी पोरांवर लक्ष ठेवणारी, सांडलेलं पुसणारी आणि भांडणं सोडवणारी. मी नागपूरची, त्यामुळे भांडणांचं खातं आपसूकच माझ्याकडे आलं.

आता इथली एक रीत सांगितल्याशिवाय या बाईचा जीव कुठे टांगलेला असायचा ते तुम्हाला कळायचं नाही. दर ऑक्टोबरात, पहिल्या गुरुवारी, सरकार शाळेतली मुलं मोजतं. त्या दिवशी पटावर जितकी मुलं, तितक्यांचे पैसे शाळेला पुढच्या वर्षी. बुधवारी एखादं नाव कमी झालं तर ते गेलंच. शुक्रवारी चार नवीन आली तर या, बसा, शिका, पण तुमचा पैसा आत्ता नाही. लोकांवर संक्रांत जानेवारीत येते, ताईंवर ऑक्टोबरात यायची.

"माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण," त्या सांगायच्या. "जून आला की पटासाठी घरोघर फिरायची. मला कडेवर घेऊन. मी म्हटलं, लग्न करून लंडनला जाते, निदान या पटातून तरी सुटेन. सुटले का?"

सुटल्या तर नव्हत्याच. बसने घरी जाताना वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसायच्या. हौस म्हणून नव्हे हो. कुठल्या घरावर भाड्याची पाटी लागली ते वरून नीट दिसतं म्हणून. गल्लीत सामानाची मोठी व्हॅन उभी दिसली की या मध्येच उतरून कोण घर सोडतंय ते विचारून येणार. कुणाला दिवस गेल्याचं कळलं की डिंकाचे लाडू घेऊन हजर, आणि लाडू हातात ठेवतानाच, "चार वर्षांनी आपल्याच शाळेत हं." त्या पोरीला अजून उलट्या थांबलेल्या नसायच्या!

त्या गुरुवारी आणखी एक मोजणी असायची. लहान वर्गांतली किती मुलं शाळेचं जेवण घेतात, तेही बघायचे आणि त्यावर जेवणाचे पैसे ठरायचे. म्हणून त्या दिवशी शाळेत हमखास पिझ्झा. ताई आदल्या आठवड्यापासून आयांच्या मागे लागायच्या, "फक्त गुरुवारी डबा देऊ नका." एका आईने तरीही मेथीचे पराठे दिलेच. ताई मला म्हणाल्या, "ते पराठे तू खा आणि त्या पोराला पिझ्झा दे." मी खाल्ले. छान होते.

हसायचो आम्ही त्यांना. पण त्या वर्षी हसू आटलं.

आमच्या भागातली पोरंच कमी होत चालली होती. भाडी परवडेनात, तरुण जोडपी स्लाऊ, मिल्टन कीन्स अशा लंडनबाहेरच्या गावांकडे सरकत होती. सप्टेंबरात हेडबाईंनी ताईंना आत बोलावून सांगितलं, की गुरुवारचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा खाली आला तर ऑफिसात दोघींऐवजी एकच राहील. दुसरी बाई ताईंच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. म्हणजे कोण जाणार ते सांगायला ज्योतिषी नको. ताईंचे यजमान गुडघ्यांनी घरी बसलेले, घर चालायचं ते यांच्या पगारावर.

सप्टेंबर संपता संपता आम्ही गेल्या वर्षीच्या आकड्याला जेमतेम टेकलो होतो. वर एकही मूल नाही. ताईंची झोप उडाली. कुणी पोर खोकलं तरी खिडकीतून डोकं बाहेर.

"ताई, आजारी पोरगंसुद्धा पटावर धरतात ना?" मी विचारलं.

"माहीत आहे गं मला. तरी खोकू नये त्याने."

आणि मोजणीच्याच आठवड्यात, सोमवारी, एक आई आली. पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, तीन मुलं आमच्याच शाळेत. मोठा मुलगा, मधला मुलगा आणि धाकटी. नवऱ्याला बर्मिंगहॅमच्या बँकेत नोकरी लागली होती, तो महिन्यापूर्वीच तिकडे गेला होता. आता तिथल्या एका शाळेत तिघांनाही जागा मिळत होती, पण बुधवारपर्यंत मुलं वर्गात हवीत, नाहीतर जागा वेटिंगवाल्यांना.

"ताई, माझं पॅकिंग पण झालं नाहीये," ती म्हणाली. "आणि मुलांना शुक्रवारी मित्रांना बाय करायचंय. दोन-तीन दिवस थांबतील ना ते लोक? तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही सांगाल तसं करते."

मी ॲप्रन घ्यायला ऑफिसात आले होते, तिथेच खिळले. ताईंनी फक्त 'थांबतील हो' एवढं म्हटलं असतं, की गुरुवारी तिघंही आमच्याच पटावर. खोटंसुद्धा ठरलं नसतं, खरंच थांबले असते कदाचित! मी मनात म्हणत होते, म्हणा ताई, म्हणून टाका.

ताईंनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, न पिताच परत लावलं.

"नाही थांबणार," त्या म्हणाल्या. "वेटिंग लिस्ट असलेली शाळा कशाला कुणासाठी थांबेल? आत्ता फोन कर आणि हो सांग. उद्या मुलांना घेऊन निघ. सामान मागून येईल."

"पण शुक्रवारी मुलांचा केक..."

"केक मी वाटीन."

आणि आपलाच फोन त्यांनी खिडकीतून तिच्या हातात दिला. कागदपत्रंही त्यांनीच त्या शाळेला त्याच दिवशी पाठवली.

ती गेल्यावर मी दार लावलं. "ताई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? एक नाही, तीन मुलं!"

"मला मोजता येतं."

"अहो, चार दिवसांचा तर प्रश्न होता!"

"आणि जागा गेली असती म्हणजे? एक या शाळेत, दुसरा त्या शाळेत आणि धाकटी घरी. परक्या गावात ती बाई एका वेळी किती गेटांवर उभी राहणार?" त्यांनी तिघांच्या फायली काढून टेबलावर ठेवल्या. "तिकडेही गुरुवारी मोजतीलच ना त्यांना. पोरं काही हरवत नाहीत."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुझं तोंड मला माहीत आहे. तिला यातलं काही कळता कामा नये. त्या लेकरांच्या डोक्यावर माझी नोकरी ठेवायची नाही." मला माझ्या लेकाची शपथ घातली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही त्यांना ओळखत नाही.

त्या हातपाय गाळून बसल्या असं मात्र समजू नका. मंगळवार-बुधवार नुसती धावपळ केली बाईने. देवळात विचारलं, किराणा दुकानात विचारलं, शाळेची वेळ असताना रस्त्यावर एक पोर दिसलं तर त्याच्या आजीला गाठलं. ते सुट्टीवर आलेलं निघालं. एक कुटुंब मुंबईहून येणार असल्याचा पत्ता लागला, दोन मुलं, आमच्याच गल्लीत घर घेतलेलं. ताईंचा चेहरा उजळला. मग कळलं, विमान शनिवारी.

"आधीचं तिकीट मिळत नसेल का त्यांना?" त्यांनी मला विचारलं. अगदी मनापासून विचारलं. मला रडावं की हसावं कळेना.

गुरुवारी त्यांनी आकडा भरून पाठवला. तीन मुलं कमी. दुपारी त्या जेवणाच्या हॉलमध्ये आल्या, एरवी कधी येत नसत. पोरांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसल्या आणि एक तुकडा पिझ्झा खाल्ला.

"बरा असतो की गं," म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले. भीती मला वाटत होती आणि धीर त्याच मला देत होत्या.

शुक्रवारी त्यांनी दोन्ही मुलांच्या आणि धाकटीच्या वर्गात जाऊन केक वाटला. त्याच दुपारी त्या आईचा मला फोन आला. तिघंही एकाच शाळेत, मुलं खूश, घरापासून चालत पाच मिनिटं. "ताईंना थँक्यू सांगा हं. तसं दोन दिवस थांबले असते तरी काही बिघडलं नसतं म्हणा. ताईच जरा घाबरट आहेत."

"हो ना," मी म्हटलं. माझी जीभ त्या दिवशी मी कशी आवरली ते मलाच ठाऊक.

जुलैत ताई शाळा सोडून गेल्या. फुलं झाली, कार्ड झालं, हेडबाईंनी डोळे पुसले. आता त्या साउथॉलला एका दुकानात गल्ल्यावर बसतात; भेटते मी अधूनमधून. शाळेतल्या त्यांच्या खिडकीला पडदा लावलाय आणि बाहेर एक स्क्रीन बसवलाय. आलेल्या माणसाने आपलं नाव टाकायचं आणि कुणाला भेटायचं त्याचं नाव टाकायचं.

परवा ती आई आली, तिन्ही पोरांना घेऊन. त्यांच्या शाळेला सुट्टी होती, आमची चालू होती. हातात पेढ्यांचा डबा. धाकटी टाचा उंच करून स्क्रीनवर ताईंचं नाव टाकत होती. एकेक अक्षर शोधून टाकलं, पण नाव काही येईना. तिने पुसलं आणि पुन्हा टाकलं.

"नाही येत," ती माझ्याकडे बघून आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली. "ताई कुठे गेला?"

"रजेवर आहेत का?" आईने विचारलं.

मी उभ्या आयुष्यात कुणाची भीड ठेवलेली नाही. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मोठा मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता.

"हो," मी म्हटलं. "रजेवर आहेत."

"ओके," धाकटी म्हणाली, आणि स्क्रीनखालच्या खुर्चीवर चढून बसली. "आम्ही थांबतो."