दसऱ्याला उघडलेली पेटी

"मी सांगणारच होतो." टकलावरून हात फिरवत तो हे इतक्या शांतपणे म्हणायचा की रागावणाराच ओशाळायचा. ऑइल संपलेलं असो, गिऱ्हाइकाचा निरोप राहिलेला असो, तो सांगणारच होता. घाई आपण केली. असा एक माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. आठवून बघा.

मकरपुऱ्यात माझं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या लेथवर सुरुवात केली तेव्हापासून तो माझ्याबरोबर होता. वयाने मोठा, म्हणून सगळे काका म्हणत. मीही त्याला अहो-जाहो करायचो. आता लिहिताना 'तो' येतंय, येऊ दे. बडोद्यातलं जुनं घराणं, आजोबा संस्थानच्या दप्तरात. अक्षर असं की वाचायचं सोडून बघत बसावं. मला इंग्रजी येत नसे तेव्हा माझी पत्रं तोच लिहायचा, आणि मला मजकूर समजावताना केबिनचं दार लोटून घ्यायचा, माणसांसमोर माझी शोभा नको म्हणून. हे मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

माल तपासायचं काम त्याच्याकडे होतं. भोकाचं आतलं माप घ्यायचं बोअर गेज त्याच्या लाकडी पेटीत असे. दर तासाला पाच नग मोजायचे, आकडे वहीत लिहायचे. तो बरोबर म्हणाला की कारागीर मशीन पुढे चालवी. खंडेराव मार्केटात मी कोथिंबिरीची जुडीही उलटून पाहिल्याशिवाय घेत नाही. त्याची वही मात्र कधी उलटून पाहिली नाही.

मागच्या वर्षी श्रावणात एक अख्खा लॉट परत आला. सगळी भोकं मोठी. वहीतले आकडे मात्र चोख. म्हणजे मशीनवरच्या भरतने मधल्या वेळात सेटिंग हलवलं आणि लपवलं, असा मी हिशेब केला. भरत जवळच्या सावली गावचा, सात वर्षं माझ्याकडे. माझ्यासमोर पुन्हा माप घ्या, एवढंच तो म्हणत होता. माझं डोकं फिरलं होतं. त्याला त्याच पावली घालवला. काका शेजारी उभा राहून चष्मा पुसत होता.

दसऱ्याला आम्ही मशीन धुऊन हार घालतो, हत्यारांना कुंकू लावतो. गेजची पेटी काका बंदच ठेवायचा. कुंकू आत गेलं तर माप बिघडतं, म्हणायचा. त्या दसऱ्याला बायको म्हणाली, नुसत्या लाकडाची कसली पूजा, आणि तिने झाकण उचललं. आत गेजच्या आकाराचा खळगा तेवढा होता.

"पडलं हो हातातून. दुरुस्तीला दिलंय. मी सांगणारच होतो."

"कधी पडलं, काका?"

तो लेथवरचा हार सारखा करत राहिला. "आषाढ असेल."

मी वही आणली. आषाढापासून दसऱ्यापर्यंत दर तासाला पाच आकडे. मधेच एखादा आकडा खोडून शेजारी लिहिलेलं, 'पुन्हा मोजले'.

त्यानंतर मी काय काय बोललो ते बायकोनेच मला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, प्रसादाचा पेढा रुमालात बांधला आणि गेला. पुन्हा आला नाही.

दोन दिवसांनी मी सावलीला गेलो. मी काढलेला माणूस म्हणून भरतला कुणी मशीनवर घेत नव्हतं. तो गोदामात गोण्या उचलत होता. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली, आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता.

तेव्हा कळलं की त्याला काढला त्याच आठवड्यात काका त्याच्या घरी येऊन गेला होता. शेठना तुझ्यासाठी हात जोडले पण ते ऐकेनात, असं सांगून गेला. जाताना म्हणाला, पुढच्या ठिकाणी माप नीट बघत जा.

"भरत, त्याच्याकडे गेज नव्हतंच."

"काका एवुं ना करे, शेठ." काका असं करणारच नाहीत. त्याला संशयसुद्धा आला नाही. बावीस वर्षं मलाही आला नव्हता.

उद्यापासून ये, म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "आज तुम्ही काकांचं नाव घेताय. उद्या परत माझं घ्याल."

रिक्षापर्यंत सोडायला मात्र आला. मी बसल्यावर वाकून म्हणाला, काका भेटले तर माझा जय श्रीकृष्ण सांगा.